खास कामाची मोटर : उघडण्याआधी काय बघायचं, उघडल्यावर काय जपायचं

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेसची ५ एचपीची मोटर जळाली. मालकांना ऑर्डर पुरी करायची घाई होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याच एचपीची, त्याच फ्रेमची नवीकोरी आयई ३ (कमी वीज खाणाऱ्या वर्गाची) मोटर आणून बसवली. फाउंडेशनचे बोल्ट जुळले, पुली जुळली, प्रेस चालू झाला. मग ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) पडायला लागला, आधी दिवसातून एकदा आणि नंतर तासातासाला. रिलेचं सेटिंग वाढवून झालं, बेल्ट बदलून झाले, शेवटी मला बोलावलं. त्या प्रेसवर वीसेक वर्षं बसणारे मामा म्हणाले, "दादा, जुनी मोटर प्रत्येक ठोक्याला जरा दम घ्यायची. ही घेतच नाही."

बिघाड त्या वाक्यात आलाच होता. पॉवर प्रेसमध्ये ठोका मोटर मारत नाही, फ्लायव्हील मारतं. ठोक्याच्या क्षणी फ्लायव्हीलचा वेग उतरला तरच त्यात साठवलेली ऊर्जा बाहेर येते, आणि ती ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग १० टक्के उतरला तर १९ टक्के ऊर्जा मिळते. तो ३ टक्केच उतरला तर मिळते जेमतेम ६ टक्के. जुन्या मोटरच्या प्लेटवर १३५० आरपीएम (मिनिटाला फेरे) होते, म्हणजे चुंबकी क्षेत्राच्या १५०० च्या मानाने १० टक्के मागे, त्याला स्लिप म्हणतात. नवीवर १४६० च्या आसपास. नवी मोटर फ्लायव्हीलला वेग सोडूच देत नव्हती. त्यामुळे ठोक्याचा सगळा भार करंटच्या रूपाने तिच्या अंगावर येत होता. नवी मोटर चांगलीच होती, पण या कामाची नव्हती. जुनी अजून भंगारात गेली नव्हती. तिचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, जसाच्या तसा ठेवून फक्त स्टेटर, म्हणजे भोवतीचा स्थिर भाग, रिवाइंड केला (त्यात तार नव्याने भरली) आणि प्रेस पूर्वीसारखा चालला.

पुण्यात एसपीएम (स्पेशल पर्पज मशीन) म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भोसरी, चिंचवड, चाकण, रांजणगाव, सगळीकडे एका ठरावीक कामासाठी बांधलेली मशिनं आहेत आणि त्यांत तशाच ठरावीक कामाच्या मोटरी आहेत. तरीही दुकानात मोटर येते तेव्हा पहिला प्रश्न असतो 'किती एचपी?' मला वाटतं पहिला प्रश्न 'ही खास आहे ती कशात?' असा हवा. तिचा खासपणा बहुतेक वेळा चारपैकी एका जागी सापडतो: रोटरमध्ये, तारेत आणि इन्सुलेशनमध्ये, बॉडीत, किंवा शेपटीला लावलेल्या ब्रेक, एन्कोडर (शाफ्टची जागा सांगणारा), ब्लोअर यांत. ती जागा सापडेपर्यंत पाना हातात घेऊ नका.

पहिलं काम : प्लेट वाचा, मशिनवाल्याशी बोला

प्लेटवरची धूळ कापडाने पुसा, पॉलिश पेपर लावू नका, अक्षरं जातात. मग फोटो काढा. एचपी आणि व्होल्टेज सगळेच वाचतात, तुम्ही पुढचं वाचा.

आरपीएम बघा. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून २ पोलचा (पोल म्हणजे वाइंडिंगने तयार होणारी चुंबकी टोकं) चुंबकी वेग ३०००, ४ पोलचा १५००, ६ पोलचा १०००, ८ पोलचा ७५०. प्लेटवरचा आकडा यापासून किती खाली आहे ती स्लिप. ४ पोलच्या साध्या मोटरवर १४४० दिसतात. १३००-१३५० दिसले तर ती बहुधा हाय स्लिप मोटर आहे, हे प्लेटनेच सांगितलं. १४४०/७२० असे दोन आकडे असतील तर बहुतेक वेळा एकाच वाइंडिंगचं कनेक्शन बदलून दोन वेग देणारी मोटर असते.

मग ड्यूटी. एस १ म्हणजे अखंड चालणारी. एस ३ ४० टक्के म्हणजे १० मिनिटांच्या चक्रात ४ मिनिटं चालणार आणि ६ मिनिटं थांबणार. होइस्टची (भार उचलणाऱ्या यंत्राची) एस ३ मोटर कुणी कन्व्हेयरवर लावली की ती जळणार. तिचा आकार लहान ठेवता आला तो त्या ६ मिनिटांच्या विश्रांतीच्या हिशोबाने. पुढे इन्सुलेशन क्लास: बी १३० अंश, एफ १५५, एच १८०. मर्यादेपेक्षा साधारण १० अंश जास्त तापत राहिली की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, हा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा. तो मला कायम खरा ठरलेला दिसला आहे.

टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवण्याचा जोर, प्लेटवर नसतो, तो काढा: किलोवॅट गुणिले ९५५०, भागिले आरपीएम. ३.७ किलोवॅट आणि १४४० आरपीएमला २४.५ न्यूटन-मीटर येतो. बदली मोटर सुचवायची असेल तर एचपीच्या आधी हा आकडा जुळवा.

आणि मशीन चालवणाऱ्या माणसाला विचारा: तासाला किती वेळा चालू-बंद होते? उलटी फिरते का? थांबल्यावर माल तसाच धरून ठेवावा लागतो का? ड्राइव्हवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) आहे का? आजूबाजूला थिनर, सॉल्व्हंट, पीठ, पाणी काय आहे? ही पाच मिनिटं पुढचे दोन दिवस वाचवतात.

उघडण्याआधीची मापं

सप्लाय काढा, आयसोलेटरला कुलूप लावा आणि टर्मिनलवर सप्लाय खरंच नाही हे टेस्टरने बघा. होइस्टची मोटर असेल तर हुकावरचा भार आधी जमिनीवर टेकवा. ब्रेक सोडल्यावर भार खाली येतोच, तेव्हा त्याखाली माणूस नको.

मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) वाइंडिंग ते बॉडी मोजा. जुना नियम किमान १ मेगओहमचा. मी ५ च्या खालची मोटर चालू करू देत नाही. तिन्ही फेजचा रेझिस्टन्स मिलिओहम मीटरने मोजा, फरक २-३ टक्क्यांच्या आत हवा. टर्मिनल बॉक्समध्ये दोन जास्तीच्या बारीक तारा दिसल्या तर सावध व्हा. त्या बहुधा वाइंडिंगमध्ये पुरलेल्या थर्मिस्टरच्या (तापमान ओळखणाऱ्या भागाच्या) असतात. त्यांना चुकूनही मेगर लावू नका. साध्या मल्टिमीटरवर बघा. थंड मोटरमध्ये तीन थर्मिस्टर मिळून ७५० ओहमच्या आत दाखवतात. तिथे ५०० व्होल्ट दिले की थर्मिस्टर मेले, आणि ते बदलायला अख्खी वाइंडिंग काढावी लागते.

आता खुणा. दोन्ही एंड कव्हर आणि बॉडी यांच्यावर पंचने जुळणाऱ्या खुणा करा, पुढे एक ठिपका आणि मागे दोन. बेअरिंग पुलरनेच काढा, हातोड्याने नाही.

रोटर : सगळ्यात दुर्लक्षित भाग

जळते ती वाइंडिंग, म्हणून सगळं लक्ष तिच्याकडे जातं. रोटर कोपऱ्यात पडून राहतो. पण प्रेस, होइस्ट, क्रशर, रॅपिंग मशीन यांच्या मोटरींचा स्वभाव रोटरच ठरवतो.

स्क्विरल केज रोटर म्हणजे स्टॅम्पिंगच्या गठ्ठ्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या सळ्या आणि दोन्ही टोकांना त्यांना जोडणाऱ्या रिंगा. स्टेटरचं फिरतं चुंबकी क्षेत्र या सळ्यांना ओलांडून जातं, त्यांच्यात करंट तयार होतो आणि रोटर त्या क्षेत्रामागे ओढला जातो. रोटर क्षेत्राच्या वेगाला पोहोचला तर ओलांडणंच थांबेल, म्हणून तो नेहमी थोडा मागे राहतो. हीच स्लिप. सळ्यांचा रेझिस्टन्स वाढवला की स्लिप वाढते आणि सुरुवातीचा टॉर्कही वाढतो. हाय स्लिप मोटरमध्ये त्यासाठी सळ्या जास्त रेझिस्टन्सच्या मिश्रधातूच्या किंवा पितळी असतात. बाहेरून बघून फरक कळेलच असं नाही.

डबल केजमध्ये याहून सुंदर युक्ती आहे. सळ्यांच्या दोन रांगा असतात: वर बारीक, जास्त रेझिस्टन्सच्या, खाली जाड. चालू करताना रोटर थांबलेला असतो, तेव्हा त्याच्या सळ्यांतला करंट ५० हर्ट्झचा असतो. इतक्या वारंवारतेला खोलवरच्या सळ्यांचा चुंबकी अडथळा मोठा होतो, म्हणून करंट वरच्या बारीक सळ्यांतून जातो आणि टॉर्क जोरदार मिळतो. मोटर १४४० ला पोहोचली की स्लिप ४ टक्के, म्हणजे रोटरमधला करंट फक्त २ हर्ट्झचा. आता खोलवर अडथळा उरत नाही, करंट जाड सळ्यांत उतरतो आणि तोटा कमी होतो. ना स्विच, ना ब्रश, लोखंडात कापलेल्या खाचांच्या आकारानेच हे घडतं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ एक कापलेला रोटर हातात घेऊन बघत बसलो होतो.

फिल्म किंवा तार गुंडाळणाऱ्या मशिनवरची टॉर्क मोटर याच वाटेने आणखी पुढे जाते. तिच्या रोटरचा रेझिस्टन्स इतका ठेवतात की शाफ्ट अडवून धरला तरी करंट आवाक्यात राहतो आणि ताण टिकून राहतो. साधी मोटर अशी अडवून धरली तर थोड्याच वेळात धूर निघतो.

म्हणून रोटरबाबत तीन गोष्टी पाळा. तो बदलू नका. तो लेथवर लावून 'साफ' करून घेऊ नका: लहान मोटरमध्ये स्टेटर-रोटरमधली फट एका मिलिमीटरपेक्षाही कमी असते, ती वाढली की नो-लोड करंट वाढतो आणि मग वाइंडिंग कितीही चांगली भरा, मोटर तापते. आणि सळ्या तुटल्या आहेत का ते तपासा: निळे पडलेले डाग, रिंगेजवळ केसासारखी चीर. लोडवर करंट ठरावीक लयीत वर-खाली होत असेल तर सळी तुटल्याचा संशय घ्या.

ब्रेक मोटर : जळण्याचं कारण मागे असतं

होइस्ट, क्रॉस ट्रॅव्हल, इंडेक्सिंग टेबल. इथे मोटरच्या मागच्या टोकाला स्प्रिंगचा ब्रेक असतो. नवखे समजतात की वीज दिली की ब्रेक लागतो. उलट आहे. वीज नसताना स्प्रिंगा लायनरची डिस्क दाबून धरतात. वीज दिली की कॉइल लोखंडी प्लेट ओढते, डिस्क मोकळी होते आणि शाफ्ट फिरतो. वीज गेली तरी भार हवेत धरलेला राहावा, म्हणून ही रचना.

कॉइल डीसीवर चालते आणि टर्मिनल बॉक्समध्ये छोटा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) असतो. ४१५ व्होल्ट हाफ वेव्ह केले (लहरीचा अर्धाच भाग घेतला) की सरासरी १८७ येतात, म्हणून कॉइलवर '१९० व्होल्ट डीसी' छापलेलं दिसतं.

आता नेहमीचा प्रकार. लायनर झिजतो, प्लेट आणि कॉइलमधली फट वाढते. फट फार वाढली की कॉइल प्लेट ओढू शकत नाही, ब्रेक अर्धवट लागलेलाच राहतो आणि मोटर ब्रेकशी झुंजत फिरते, तापते, जळते. दुकानात वाइंडिंग भरली जाते, ब्रेक पुसून परत लावला जातो आणि दोन महिन्यांत तीच मोटर परत येते. गिऱ्हाईक म्हणतं तार हलकी वापरली. तार चांगलीच असते. म्हणून जळालेली ब्रेक मोटर आली की मी ब्रेक आधी टेबलावर घेतो. कॉइलला वेगळा सप्लाय द्यायचा. स्वच्छ 'टक' ऐकू आली पाहिजे आणि डिस्क हाताने मोकळी फिरली पाहिजे. फीलर गेजने फट तीन जागी मोजायची. लहान ब्रेकला ती साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण नेमका आकडा त्या ब्रेकच्या कागदावरून घ्या. तिन्ही जागी सारखी नसेल तर डिस्क तिरकी झिजते. लायनरला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लागू देऊ नका.

मोटर ड्राइव्हवर असेल तर ब्रेकचा सप्लाय ड्राइव्हच्या आधीच्या लाइनवरून वेगळा घ्यायचा. मोटरच्या टर्मिनलवरून घेतला तर कमी वेगाला व्होल्टेज पुरत नाही आणि ब्रेक सुटत नाही.

ड्राइव्हवरची मोटर : तारेचा आणि बेअरिंगचा प्रश्न

ड्राइव्ह ४१५ व्होल्टचा आधी सुमारे ५८५ व्होल्ट डीसी करतो आणि मग त्याचे तुकडे पाडून मोटरला देतो. केबल लांब असेल तर हे धक्के मोटरच्या टोकाशी आपटून परततात आणि तिथला झटका जवळजवळ दुपटीपर्यंत जातो. त्याचा मार कॉइलच्या पहिल्या काही टर्नवर (वेढ्यांवर) बसतो. अशा मोटरला ड्राइव्हसाठीची जाड एनॅमलची (इन्सुलेशनच्या लेपाची) तार, दोन फेजच्या कॉइलमध्ये प्रत्येक जागी कागद, आणि पक्कं बांधकाम हवं. साधी तार भरली तर मोटर आज चालेल, पण टर्न-टू-टर्न शॉर्ट होऊन परत येईल.

मागे स्वतंत्र ब्लोअर असेल तर तो कमी वेगासाठी आहे. शाफ्टवरचा पंखा १० हर्ट्झला हवा मारत नाही. ब्लोअर बंद असताना मोटर चालूच होणार नाही असं इंटरलॉक करून घ्या. काढलेलं बेअरिंग कापून आतली रेस बघा. धुण्याच्या पाटीवर असतात तशा बारीक समांतर रेघा दिसल्या तर शाफ्टमधून करंट वाहतोय. नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही. इन्सुलेटेड बेअरिंग, अर्थिंग ब्रश, केबलचं नीट अर्थिंग, यांपैकी काय करायचं ते ठरवावं लागतं.

बॉडीत खासपणा असलेल्या दोन मोटरी

फ्लेमप्रूफ मोटर कुरकुंभच्या केमिकल प्लांटमध्ये, पेंट शॉपमध्ये असते. लोकांना वाटतं तिच्यात गॅस शिरत नाही. शिरतो. आत ठिणगी पडली तर स्फोटही होतो. जाड बॉडी तो स्फोट सहन करते आणि एंड कव्हर व बॉडी यांच्यातल्या लांब, अरुंद जोडातून बाहेर येताना ज्वाला थंड होते, त्यामुळे बाहेरचा गॅस पेटत नाही. त्या जोडाचे पृष्ठभाग म्हणजेच संरक्षण. तिथे पॉलिश पेपर, रंग, गॅस्केट, सिलिकॉन काही नको. बोल्ट त्याच ग्रेडचे आणि सगळेच्या सगळे लावा. प्लेटवर गॅस ग्रुप आणि तापमान वर्ग असतो. टी ४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांवर जाता कामा नये. ही मोटर फक्त तशी मान्यता आणि मोजमापाची सोय असलेल्या दुकानातच उघडा. तुमच्याकडे ती नसेल तर काम परत पाठवा. मी पाठवतो.

सबमर्सिबल ही त्याच्या उलट, तिच्यात पाणी भरायचंच असतं. सोसायटीच्या बोअरमधली असो की जुन्नरच्या शेतातली, पाण्याने भरलेल्या प्रकारात वाइंडिंग थेट पाण्यात असते. म्हणून तारेवर एनॅमलऐवजी प्लॅस्टिकचं वेष्टण असतं, आणि वार्निश लावतच नाहीत. तार सुईत दोरा ओवावा तशी एकेक टर्न स्लॉटमधून ओवून भरावी लागते. ओढताना स्लॉटच्या कडेला वेष्टण नुसतं खरचटलं तरी मोटर गेली. भरून झाल्यावर स्टेटर पाण्यात बुडवून रात्रभर ठेवा आणि मग मेगर घ्या. कोरड्यातलं मेगर इथे काही सांगत नाही. पंप पाणी वर ढकलतो तेव्हा तेवढाच जोर खाली येतो, तो तळातलं थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर पेलतं. म्हणून उतरवण्याआधी स्वच्छ पाणी सावकाश भरा, मोटर हलवून बुडबुडे निघू द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा भरा. 'फिरते का बघू' म्हणून कोरडी एक सेकंदही चालवू नका.

चुंबकाच्या मोटरी

जागा अचूक धरणारी सर्वो, पावलापावलाने फिरणारी स्टेपर, ब्रश नसलेली बीएलडीसी. यांच्यात रोटरला स्वतःचा चुंबक असतो. सर्वोचा एन्कोडर काढण्याआधी शाफ्ट आणि एन्कोडर यांच्यावर खूण करा. ती जागा हुकली की ड्राइव्हला रोटर कुठे आहे हे चुकीचं कळतं आणि मोटर झटके मारते किंवा पळत सुटते. रोटर बाहेर काढताना तो बोटं चिमटीत पकडण्याइतका जोर लावतो, टेबलावर लोखंडाचा कीस नको, आणि पेसमेकर असलेल्या माणसाला जवळ येऊ देऊ नका. रोटर आत ठेवून स्टेटर भट्टीत घालू नका, उष्णतेने चुंबक उतरतात. स्टेपरमध्ये रोटरला ५० दात आणि २०० पावलांत एक फेरा, म्हणजे पाऊल १.८ अंशांचं. याचा रोटर काढूच नये. बाहेर काढल्यावर चुंबक कमजोर होतो. बीएलडीसी तपासायची सोपी युक्ती: तिन्ही तारा एकत्र जोडून शाफ्ट फिरवा, सगळीकडे सारखा जडपणा लागला तर वाइंडिंग बहुधा ठीक आहे, बिघाड कार्डात शोधा.

रिवाइंडिंग आणि शेवटची चाचणी

जुनी वाइंडिंग काढताना गॅस कटरने जाळू नका. स्टॅम्पिंगच्या पानांमध्ये पातळ इन्सुलेशन असतं, ते जळालं की कोअर आपोआप तापायला लागतो. भट्टीत आणि ३५० अंशांच्या आत. काढण्याआधी लिहून घ्या: स्लॉट, पिच (एक कॉइल किती स्लॉट ओलांडते), टर्न, गेज (तारेची जाडी), किती तारा समांतर, कनेक्शन. टर्न एकाच कॉइलचे न मोजता तीन कॉइलचे मोजा. गेज मोजताना एनॅमल ज्योतीवर हलकं जाळून पुसा. खरवडलं तर तांबंही जातं आणि माप चुकतं. मोटर होती तशीच भरा, टर्न 'थोडे कमी' करून ताकद वाढवायच्या फंदात पडू नका. वार्निशआधी स्टेटर गरम करा म्हणजे ओल जाते, आणि बेकिंग वार्निशच्या डब्यावर लिहिलेल्या तापमानाला, तेवढा वेळ पूर्ण करा. संध्याकाळी डिलिव्हरी आहे म्हणून हा वेळ कापलेल्या मोटरी पावसाळ्यात परत येतात.

जोडल्यावर तासभर नो-लोड चालवा, तिन्ही फेजचा करंट लिहा, बेअरिंगला हात लावून बघा. पण खरी चाचणी गिऱ्हाइकाच्या मशिनवर. होइस्टला भार अर्ध्यात थांबवून तो सरकतो का बघा. ड्राइव्हवरची मोटर सगळ्यात कमी वेगाला अर्धा तास चालवून तापमान घ्या. सबमर्सिबलला दोन्ही दिशांनी फिरवून ज्या दिशेला जास्त पाणी येतं ती दिशा कायम करा. प्रेसवर टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजणारा) लावून ठोक्यागणिक काटा बघा: तो चढला पाहिजे आणि पुढच्या ठोक्याआधी खाली आला पाहिजे. येत नसेल तर रिलेचं सेटिंग वाढवू नका, प्लेटवरचे आरपीएम पुन्हा वाचा.